कोल्हापूर ते नागपूर: हवाई अंतर आणि उड्डाणाचा वेळ घरबसल्या कसा काढायचा

रेल्वेने कोल्हापूरहून नागपूरला निघालं की महाराष्ट्र एक्सप्रेस पुणे, दौंड, मनमाड, भुसावळ असा वळसा घालत जाते आणि १,२०० किमीच्या आसपास धावते. दोन्ही विमानतळांमधलं सरळ अंतर भरतं जेमतेम ७०१ किमी. अंतराचा आकडा नेटवर लगेच मिळतो. घोळ होतो तो वेळेत. एका ठिकाणी ‘५० मिनिटं’ दिसतं, दुसरीकडे पावणेदोन तास, तिसरीकडे सव्वा तास. यातला एकही आकडा धादांत खोटा नसतो, प्रत्येक जण वेगळी गोष्ट मोजत असतो. म्हणून हा हिशोब एकदा स्वतः करून पाहावा. साधा कॅल्क्युलेटर, कागद आणि पंधरा मिनिटं पुरतात. पुढे कोल्हापूर-नागपूर ही जोडी नमुन्यादाखल घेतली आहे. नाशिक-नागपूर, नांदेड-पुणे, जळगाव-गोवा अशा कुठल्याही जोडीला हीच रीत चालते. थेट सेवा आज चालू आहे का, हे मात्र त्या त्या हंगामाच्या वेळापत्रकातच पाहायचं.

आधी बिंदू नीट धरा

अंतर शहरापासून नव्हे, विमानतळापासून मोजायचं. कोल्हापूरचा विमानतळ उजळाईवाडीला आहे, नागपूरचा सोनेगावला. इथे शहर धरलं तरी फरक आठ-दहा किमीचाच पडतो. गोव्यात मात्र तसं चालत नाही. दाबोळी (कोड जीओआय) आणि मोपा (जीओएक्स) यांच्यात सरळ रेषेतच ४० किमी अंतर आहे. मुंबईलाही आता सांताक्रूझचा बीओएम आणि नवी मुंबईचा एनएमआय असे दोन कोड झाले आहेत. त्यामुळे शोधताना गावाचं नाव न टाकता तीन अक्षरी कोड टाकावा. कोल्हापूर केएलएच, नागपूर एनएजी. वैमानिकांच्या कागदपत्रांत चार अक्षरी कोड असतात: कोल्हापूर व्हीएकेपी, नागपूर व्हीएएनपी.

आता अक्षांश-रेखांश:

कोल्हापूर: १६ अंश ३९ मिनिटं ५३ सेकंद उत्तर, ७४ अंश १७ मिनिटं २२ सेकंद पूर्व
नागपूर: २१ अंश ०५ मिनिटं ३२ सेकंद उत्तर, ७९ अंश ०२ मिनिटं ५० सेकंद पूर्व

हे दशांशात आणायचं. मिनिटांना ६० ने भागा, सेकंदांना ३,६०० ने भागा आणि दोन्ही अंशांत मिळवा. कोल्हापूरचा अक्षांश असा: ३९ ÷ ६० = ०.६५, ५३ ÷ ३,६०० = ०.०१४७, म्हणजे १६.६६४७. बाकीचे तीन आकडे ७४.२८९४, २१.०९२२ आणि ७९.०४७२.

सगळ्यात जास्त चुका याच पायरीवर होतात. घाईत कुणी १६ अंश ३९ मिनिटं ५३ सेकंदांचे सरळ १६.३९५३ करून टाकतो. एवढ्या एका चुकीने विमानतळ ३० किमी दक्षिणेला सरकतो आणि निपाणीच्या अक्षांशावर जाऊन बसतो. अंतराचा आकडा तरीही ‘बरा’ दिसतो, म्हणून चूक ध्यानात येत नाही. दुसरी नेहमीची गफलत म्हणजे अक्षांश आणि रेखांश यांची अदलाबदल. महाराष्ट्रापुरतं लक्षात ठेवायला सोपं आहे: साधारण सोळा ते बावीसमधला आकडा अक्षांश, बहात्तर ते एक्याऐंशीमधला रेखांश.

अंतर

पृथ्वी गोल आहे, तेव्हा खरं लघुतम अंतर बृहद्वृत्तावरून, म्हणजे पृथ्वीच्या केंद्रातून कापलेल्या मोठ्या वर्तुळावरून, मोजतात आणि त्याचं सूत्र लांबलचक आहे. हजार किमीच्या आतल्या अंतराला इतका खटाटोप करायची गरज नाही. शाळेतला पायथागोरस पुरतो, फक्त एक दुरुस्ती लागते: रेखांशाचा एक अंश उत्तरेकडे जाताना आखडत जातो.

अक्षांशांची वजाबाकी: २१.०९२२ − १६.६६४७ = ४.४२७५. आपल्या पट्ट्यात अक्षांशाचा एक अंश म्हणजे ११०.७ किमी. गुणाकार ४९०.१ किमी. एवढं आपण उत्तरेला सरकलो.

रेखांशांची वजाबाकी: ७९.०४७२ − ७४.२८९४ = ४.७५७८. विषुववृत्तावर रेखांशाचा एक अंश १११.३ किमी भरतो. त्याला मधल्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणायचं. मधला अक्षांश १८.८८, कोसाइन ०.९४६२. म्हणजे इथे एक अंश १०५.३ किमीचा झाला आणि पूर्वेकडची सरक ५०१ किमी.

दोन्हींचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ: ७०१ किमी. लांबलचक सूत्रात पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किमी धरली तर ७०२ येतात. एका किलोमीटरचा फरक. विमान धावपट्टीवर रांगताना याहून जास्त चालतं.

कोसाइन काढताना कॅल्क्युलेटर अंशांवर आहे की रेडियनवर (कोन मोजायचं दुसरं एकक), हे बघा. संगणकातली तक्त्याची प्रणाली (एक्सेलसारखी) सरळ रेडियनच धरते. इथे एक गंमत होते. १८.८८ हा आकडा रेडियन समजून कोसाइन काढला तर योगायोगाने ०.९९९५ येतो आणि अंतर ७२१ किमी. उत्तर पटण्याजोगं, पण चूक. हीच चूक सतराव्या अंशावर केली तर कोसाइन चक्क ऋण येतो, तेव्हा निदान कळतं तरी. ताळा करायला हे आकडे जवळ ठेवा: १६ अंशांचा कोसाइन ०.९६१, १७ चा ०.९५६, १८ चा ०.९५१, १९ चा ०.९४६, २० चा ०.९४०, २१ चा ०.९३४. महाराष्ट्र जवळजवळ यातच बसतो.

आणखी एक ताळा हाताने होतो. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवा. उजळाईवाडीहून निघालेली रेघ सांगोला, पंढरपूरवरून, परळी आणि गंगाखेडच्या मधून, यवतमाळला थोडं डावीकडे ठेवत, वर्ध्याला जवळजवळ स्पर्श करून सोनेगावला पोहोचते. अधलामधला बिंदू परळीपासून फार लांब नाही. तुमचा आकडा या चित्राशी जुळत नसेल, तर कुठेतरी अंश-मिनिटांचा गोंधळ आहे.

विमानवाले किमीत बोलत नाहीत, नॉटिकल मैलात बोलतात. एक नॉटिकल मैल १.८५२ किमी, म्हणून आपलं अंतर ३७८ नॉटिकल मैल. साधा मैल १.६०९ किमीचा. तो घेतला तर ४३६ येतात आणि बऱ्याच संकेतस्थळांवर ‘मैल’ म्हणून हाच आकडा असतो. या ४३६ ला नॉटमधल्या वेगाने भागलं की एटीआर या पंख्याच्या विमानाच्या हिशोबात बारा-तेरा मिनिटं फुकट वाढतात. नॉट म्हणजे ताशी नॉटिकल मैल. त्याच्याशी साधा मैल जुळत नाही.

विमान सरळ रेषेत जात नाही

३७८ हा आकडा कागदावरचा. प्रत्यक्षात विमान ठरलेल्या हवाई मार्गांवरून, एका नोंदबिंदूवरून दुसऱ्यावर असं जातं. हवाई दलाचं राखीव आकाश वाटेत असेल तर त्याला बगल द्यावी लागते. देशांतर्गत, मध्यम अंतराच्या मार्गाला सरळ रेषेवर चार-पाच टक्के वाढ धरावी. आपला आकडा ३९५ नॉटिकल मैल करू.

टोकाला लागणारी वळणं वेगळी. इथे धावपट्ट्यांची दिशा उपयोगी पडते. कोल्हापूरची धावपट्टी ०७/२५ आहे, म्हणजे साधारण ७० आणि २५० अंशांच्या रोखाने. नागपूरचा रस्ता ४५ अंशांचा, बरोबर ईशान्य. ०७ वरून उडालं की थोडं डावीकडे वळून विमान वाटेला लागतं. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा असतो, तेव्हा २५ वरून उडावं लागतं. तोंड समुद्राकडे आणि जायचं विदर्भात! पूर्ण फिरून यायला तीन ते पाच मिनिटं जास्त लागतात. नागपूरची धावपट्टी १४/३२. कोल्हापूरकडून येणारं विमान तिच्याकडे जवळपास काटकोनात येतं, त्यामुळे कुठल्याही टोकाने उतरलं तरी एक मोठं वळण आलंच. त्याचे १५ नॉटिकल मैल धरा.

वेळ: तुकडे पाडून

इथे बहुतेकांचं गणित घसरतं. ७०१ किमीला जेटच्या ८५० किमी वेगाने भागून ५० मिनिटं लिहितात. पण तो वेग विमान वर पोहोचल्यावरचा. चढताना आणि उतरताना वेग बराच कमी असतो आणि छोट्या मार्गावर याच दोन टप्प्यांत बराचसा प्रवास उरकतो.

महाराष्ट्रातल्या छोट्या विमानतळांवर प्रामुख्याने दोन जातींची विमानं दिसतात: पंख्याचं एटीआर ७२ आणि छोटं एम्ब्रेअर जेट. मोठ्या धावपट्टीवर एअरबस ए३२० असतेच. एटीआरचा वरचा वेग सुमारे २७५ नॉट, म्हणजे ताशी ५१० किमी. एम्ब्रेअरचा ४४० च्या आसपास.

एटीआरचा हिशोब असा. पूर्वेकडे जाणाऱ्या विमानांना विषम हजारांची उंची मिळते, पश्चिमेकडे जाणाऱ्यांना सम. नागपूरला जाताना १७,००० फूट धरू. कोल्हापूरची धावपट्टीच समुद्रसपाटीपासून जवळपास २,००० फुटांवर आहे, तेव्हा चढाई १५,००० फुटांची. मिनिटाला सरासरी १,००० फूट धरले तर १५ मिनिटं, आणि तेवढ्या वेळात ५० नॉटिकल मैल मागे पडतात. मे महिन्याच्या उन्हात, भरलेल्या विमानात चढाई आणखी रेंगाळते. गरम हवा विरळ असते, पंख आणि इंजिन दोघांनाही ती कमी पडते.

उतरण्यासाठी वैमानिकांचा ठोकताळा तिपटीचा आहे: दर हजार फुटांना तीन नॉटिकल मैल. नागपूर सुमारे १,००० फुटांवर. १७ मधून १ वजा, १६ गुणिले ३, म्हणजे ४८ नॉटिकल मैल आधी खाली यायला सुरुवात (इथून पुढे नुसतं ‘मैल’ म्हणजे नॉटिकल मैलच). सरासरी २४० नॉटने १२ मिनिटं.

मधे उरले ३९५ − ५० − ४८ = २९७ मैल. २७५ नॉटने ६५ मिनिटं. शेवटचं वळण आणि धावपट्टीकडची सरळ वाट, १५ मैल, १६० नॉटने ६ मिनिटं. हवेतला एकूण वेळ ९८ मिनिटं. त्यात कोल्हापूरला धावपट्टीपर्यंत जायला ६ आणि नागपूरला उतरून उभं राहायला ६. एकूण ११० मिनिटं, एक तास पन्नास.

हेच जेटने: ३३,००० फुटांपर्यंत चढाई १८ मिनिटं आणि १०५ मैल, उतरण ३२ गुणिले ३, शिवाय वेग कमी करायला १० मैल, असे १०६ मैल, १९ मिनिटं, मधला सपाट टप्पा फक्त १८४ मैलांचा, २५ मिनिटं, शेवटचं वळण ५, जमिनीवर १२. बेरीज ७९, म्हणजे एक तास वीस. जेटचा वेग एटीआरच्या दीडपटीहून जास्त, तरी वाचला जेमतेम अर्धा तास. जेट निम्मी वाट चढण्या-उतरण्यात घालवतं, म्हणून ३००-४०० किमीच्या मार्गावर एटीआर फारशी मागे पडत नाही आणि इंधन कमी खाते.

इतकं सगळं करायचं नसेल तर ठोकताळा: एटीआरला दर १०० किमीला १२ मिनिटं आणि वर २५, जेटला दर १०० किमीला साडेसात मिनिटं आणि वर ३०. आपल्या ७०१ किमीला १०९ आणि ८३ येतात. सविस्तर हिशोबाच्या अगदी जवळ.

छोटी शहरं विमानाने जोडण्याच्या सरकारी उडान योजनेत ‘तासाभराचं, म्हणजे सुमारे ५०० किमीचं उड्डाण २,५०० रुपयांत’ असं सांगितलं गेलं होतं. (योजनेच्या पहिल्याच दिवशी, २७ एप्रिल २०१७ ला, नांदेड-हैदराबाद विमान उडालं होतं.) त्यातला तास हा एटीआरच्या वरच्या वेगाचा तास आहे. ५०० किमीला ठोकताळा लावा: ६० अधिक २५, म्हणजे ८५ मिनिटं. तिकिटावर एक तास पंचवीस दिसलं तर कंपनीने वेळ फुगवली असं समजू नये.

वारा

हिवाळ्यात वरच्या हवेत पश्चिमेचे वारे जोरात असतात. नागपूरला जाताना ते पाठीशी आणि येताना तोंडावर. वारा आणि वाट यांच्यातला कोन काढा. कोन शून्य असेल तर वाऱ्याचा पूर्ण जोर मिळतो, ३० अंशांना ८७ टक्के, ४५ ला ७१, ६० ला निम्मा, ९० ला काहीच नाही.

आपली वाट ४५ अंशांची, वारा बरोबर पश्चिमेचा, म्हणजे तो ९० अंशांच्या दिशेला ढकलतो. कोन ४५. १७-१८ हजार फुटांवर ३० नॉटचा वारा असेल तर २१ नॉट पाठीशी मिळाले. वाऱ्याचा बाजूचा जोर सावरण्यात एखादा नॉट खर्ची पडतो, म्हणून सपाट टप्प्यावर जाताना जमिनीच्या हिशोबाने वेग २९५, येताना २५३. त्या २९७ मैलांना जाताना ६० मिनिटं, येताना ७०. वेळापत्रकात परतीचं विमान दहा मिनिटांनी लांबट दिसलं, तर कारण बहुधा हेच. हवामान खात्याच्या अंदाजातला वारा नेहमी ‘कुठून येतो’ असा दिलेला असतो, ‘कुठे जातो’ असा नाही. हे उलटं धरलं की जाण्या-येण्याचे वेळ अदलाबदल होतात.

एप्रिल-मेमध्ये मराठवाडा-विदर्भावर दुपारनंतर वळवाचे ढग उठतात. त्यांचा माथा ४०,००० फुटांच्याही वर जातो, एटीआरला वरून जायची सोय नाही, बाजूनेच काढायचं. इथला हिशोब सहज लक्षात येत नाही. निघाल्यापासूनच थोडं तिरकं जाऊन वाटेच्या मध्यावर ३० मैल बाजूला झालं, तर एकूण वाट फक्त पाच मैलांनी वाढते, एका मिनिटाचं काम. तोच ३० मैलांचा वळसा ढगाच्या ४० मैल अलीकडे सुरू केला आणि ४० मैल पलीकडे संपवला तर ८० चे १०० मैल होतात, साडेचार मिनिटं जातात. म्हणून दुपारच्या विमानाला या दोन महिन्यांत दहा मिनिटं जास्तीची धरलेली बरी.

जमिनीवरची मिनिटं

समांतर टॅक्सीवे, म्हणजे धावपट्टीच्या बाजूने विमान रांगायची वाट, नसलेल्या छोट्या विमानतळावर विमानाला धावपट्टीवरूनच उलटं टोकापर्यंत जावं लागतं आणि तिथे पूर्ण वळून उडावं लागतं. दीड किमी रांगायला अडीच मिनिटं, वळायला एक. तेवढा वेळ धावपट्टी अडलेली, त्यामुळे वर कुणी उतरायला आलं असेल तर ते घिरट्या घालतं. पुण्याचं लोहगाव हवाई दलाचं, दाबोळी नौदलाचं. तिथे लष्करी सराव सुरू असेल तर नागरी विमान थांबतं. अशा टोकाला १० ते १५ मिनिटं धरा.

थेट विमान नसेल तर

तेव्हा अंतर दोन तुकड्यांत काढायचं. कोल्हापूर-हैदराबाद ४४५ किमी आणि हैदराबाद-नागपूर ४३१, मिळून ८७६. मुंबईमार्गे ३०८ आणि ६८३, मिळून ९९१. हैदराबाद अंतराने सरस. पण दोन्ही वाटांवर चढ-उतार दोनदा होते, म्हणजे ठोकताळ्यातली २५-३० मिनिटं दोनदा मोजा. मधला थांबा एकाच तिकिटावर असेल तर दीड तास तरी हवा. वेगवेगळी तिकिटं असतील तर सामान घेऊन पुन्हा चेक-इन करावं लागतं, तीन तास ठेवा. हैदराबादमार्गे एटीआरने दोन्ही टप्पे मिळून साधारण १५५ मिनिटं, त्यात दीड तासाचा थांबा: चार तास पाच मिनिटं. मुंबईमार्गे पहिला टप्पा एटीआर, दुसरा जेट धरला तर सुमारे १४५ मिनिटं आणि थांबा. म्हणजे ११५ किमी जास्त जाऊनही मुंबईची वाट दहा मिनिटांनी पुढे निघू शकते. निर्णय शेवटी थांब्याच्या लांबीवर होतो, किलोमीटरवर नाही.

वेळापत्रकाशी ताळा

तिकिटावरचा वेळ म्हणजे विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभं राहीपर्यंतचा. कंपन्या त्यात आणखी पाच-दहा मिनिटं राखून ठेवतात. आपल्या ११० मिनिटांच्या जागी १ तास ५५ किंवा २ तास दिसले तर हिशोब बरोबर आहे. एटीआरला सव्वा तास दिसला तर मार्ग किंवा विमान वेगळं आहे, तिकिटावर विमानाचा प्रकार वाचा.

विमानाचा माग दाखवणारी अ‍ॅप फक्त उडाल्यापासून टेकेपर्यंतचा वेळ दाखवतात, त्यात जमिनीवरची १२ मिनिटं नसतात. शिवाय छोट्या विमानतळांच्या आसपास विमानाचे संदेश टिपणारे जमिनीवरचे रिसीव्हर कमी असतात, आणि सरळ दृष्टीच्या रेषेत नसलेलं विमान त्यांना दिसत नाही. विमान शेवटच्या काही हजार फुटांवर नाहीसं झालं तर अ‍ॅप उतरण्याची वेळ अंदाजाने टाकतं. एका दिवसाचा आकडा धरू नये. आठवड्याचे सात वेळ चढत्या क्रमाने लिहावेत आणि चौथा घ्यावा. एखाद्या दिवशी घिरट्यांत गेलेला अर्धा तास मग सरासरी बिघडवत नाही.

घरापासून घरापर्यंतचा वेळ हवा असेल तर: देशांतर्गत उड्डाणांचं चेक-इन बहुतेक ठिकाणी तासभर आधी बंद होतं, म्हणून दीड तास आधी विमानतळावर. कोल्हापूर शहरातून उजळाईवाडीला २५ मिनिटं, नागपूरला सामान मिळायला १५-२०, सोनेगावहून शहरात अर्धा तास. एटीआरच्या ११० मिनिटांत हे मिळवलं की साडेचार तास होतात.